सुशिक्षितांची सैल लेखणी

मराठी बिघडली, मराठी बुडाली, अशी हाकाटी आपल्याकडे दर पिढीत एकदा तरी उठते. आणि ती उठली की दोषाचे खापर फोडण्यास एकच डोके सर्वांना सोयीचे वाटते, ते म्हणजे शाळकरी मुलाचे. मुलांना जोडाक्षरे लिहिता येत नाहीत, मुले अर्धे वाक्य इंग्रजीत बोलतात, मुलांना म्हणी ठाऊक नाहीत, असे वडीलधारी मंडळी मोठ्या कळवळ्याने सांगतात. त्यांचे सांगणे खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु हीच वडीलधारी मंडळी स्वतः जे लिहितात, म्हणजे कचेरीतील टिपणे, संस्थांचे अहवाल, वर्तमानपत्रांतील बातम्या, ग्रंथांच्या प्रस्तावना, सांत्वनाची पत्रे, ते सर्व एखाद्याने परीक्षकाच्या नजरेने वाचले तर काय दिसेल? शुद्धलेखन बहुधा ठीक असेल. व्याकरणही फारसे चुकलेले नसेल. पण ज्या वस्तूविषयी लिहिले ती वस्तू मात्र त्या मजकुरात कोठेच सापडणार नाही. अंगरखा ऐटदार, पण आत माणूस नाही! आमच्या मते मराठीचे आजचे खरे दुखणे ते हेच, आणि ते मुलांचे नसून प्रौढांचे आहे.

मराठीच्या नावाने आपण काही थोडे भांडलो नाही. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ काढली, तेव्हापासून मराठी गद्याचे वळण कसे असावे याचा खल चालूच आहे. पुढे सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीने परकी शब्द हुसकावण्याचा प्रश्न पुढे आणला. ‘महापौर’, ‘दिनांक’ यांसारखे शब्द तिने दिले आणि ते रुजलेही. माधवराव पटवर्धनांनी १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली आले, १९७२ साली त्यांत भर पडली, आणि ऱ्हस्वदीर्घांचे व अनुस्वारांचे रणकंदन अद्यापि शमलेले नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा तर पेढेही वाटून झाले. या सर्व वादांत दोन प्रश्न मात्र पुनःपुन्हा विचारले गेले: शब्द कोणाचा, आणि शब्द लिहावा कसा? तिसरा प्रश्न, की हा शब्द या जागी बसतो काय, तो पोरका राहिला. वास्तविक पाहता पहिले दोन प्रश्न विद्वानांचे आहेत. तिसरा प्रश्न कागदावर लेखणी टेकणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

परक्या शब्दांवर सगळा राग काढणाऱ्यांस आमचे एक सांगणे आहे. ‘टेबल’, ‘स्टेशन’, ‘तारीख’, ‘वकील’ हे शब्द परके असतील, पण त्यांचा नेम चुकत नाही. ते उच्चारताच ऐकणाऱ्यापुढे एकच वस्तू उभी राहते. आमचे भांडण ‘मॅनेज’सारख्या शब्दांशी आहे, आणि तेही तो इंग्रज आहे म्हणून नव्हे. “मी ते मॅनेज केले” असे कोणी लिहितो, तेव्हा त्याने घर सांभाळले, की पाहुण्यांची वेळ निभावली, की दोन माणसांचे जुळवून दिले, की प्रकरण दडपले, की कोणाला पैसे चारून वळवले? सांभाळणे, निभावणे, जुळवणे, दडपणे, वळवणे ही पाच क्रियापदे म्हणजे पाच निरनिराळ्या नीती आहेत. त्यांतली शेवटची दोन पहिल्या तिघींच्या पदराआड लपली, तर तो दोष शब्दाच्या जातीचा नव्हे, लिहिणाऱ्याच्या आळसाचा, किंवा कदाचित त्याच्या हुशारीचा!

आणि संस्कृत शब्द घेतला म्हणजे पापक्षालन झाले असेही नाही. ‘प्रॉब्लेम’ला हाकलून आम्ही ‘समस्या’ आणली. पूर्वी समस्या म्हणजे कवीपुढे पूर्तीसाठी टाकलेला श्लोकाचा चरण. आज नळास पाणी नाही ही समस्या, गुडघा दुखतो ही समस्या, भाऊ वाटणीसाठी भांडतो ही समस्या, आणि रेल्वे फाटकात गाडी अडली तरी तीही समस्याच. टंचाई, व्याधी, तंटा, खोळंबा हे चार शब्द घरात बसून असताना चौघांची कामे एकट्या समस्येच्या गळ्यात पडली आहेत. परकी सैल शब्द काढून स्वकीय सैल शब्द बसवणे ही शुद्धी नव्हे. नुसती अदलाबदल आहे.

कोणी म्हणेल, मराठीत नेमके शब्दच नाहीत, त्यास आम्ही काय करावे? हा आक्षेप घेणारा गृहस्थ आपल्याच घरात कधी कान देऊन बसला नसावा. दोरी तुटते, मडके फुटते, काठी मोडते, कापड फाटते, शिवण उसवते, काच तडकते, आणि जुने लुगडे यांपैकी काहीच न करता नुसते विरते. इतका सूक्ष्म भेद आमच्या आज्या अक्षरओळख नसतानाही जिभेवर वागवीत होत्या. स्वयंपाकघरात पाहावे: भाजणे वेगळे, परतणे वेगळे, तळणे, उकडणे, वाफवणे, कढवणे, आटवणे, विरजणे ही सारी वेगळी. दूध ‘आटवा’ सांगितले असता ‘विरजले’ तर बासुंदीचे दही होईल. म्हणून तेथे कोणी सैल शब्द चालवून घेत नाही. भाजी चिरायची, लाकूड फोडायचे, फांदी छाटायची, फूल खुडायचे आणि कागद कातरायचा, हे निरक्षर मजुरास सांगावे लागत नाही. शेतकऱ्यास पावसाची भुरभुर, सर, झड आणि वळीव यांतील अंतर ठाऊक असते, कारण त्याची पेरणी त्या अंतरावर अवलंबून असते. ज्याचे काही बुडायचे असते तो शब्द तोलून वापरतो. सैल शब्दांची चैन परवडते ती फक्त आम्हा सुशिक्षितांस, कारण आमच्या शब्दाने बुडते ते बहुधा दुसऱ्याचे असते.

दुसऱ्याचे काय बुडते म्हणाल, तर वर्तमानपत्राचे कोणतेही पान उघडावे. दोन चोरटे दुकानात शिरून गल्ल्यातील रक्कम घेऊन पळाले की मथळा येतो, “भरदिवसा दरोडा”. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने दरोड्यास पाच किंवा अधिक माणसे हवीत असे ठरवले होते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी हा पाचांचा आकडा कायम आहे. नुसती वस्तू उचलली तर चोरी, मारहाण करून अगर धाक घालून नेली तर जबरी चोरी, पाच मिळून तेच केले तर दरोडा. ही उतरंड कायद्याने उगीच रचलेली नाही. तीवर माणसाची शिक्षा किती वर्षांची, हे ठरते. त्याहून भयंकर गोष्ट ‘गुन्हेगार’ या शब्दाची. पोलिसांस ज्याचा संशय येतो तो संशयित. ज्याच्यावर आरोप ठेवला तो आरोपी. न्यायालयाने ज्याचा अपराध सिद्ध धरला तोच काय तो गुन्हेगार. या तीन पायऱ्यांमध्ये कधी कधी दहा दहा वर्षे जातात. परंतु आमचा बातमीदार पहिल्याच दिवशी “गुन्हेगार जेरबंद” असे लिहून मोकळा होतो. पुढे तो मनुष्य निर्दोष सुटला, तर ती बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते, आली तर. शब्दाने घातलेला डाग न्यायाधीशास धुता येत नाही. येथे शब्दाची नेमकेपणाची गोष्ट ही शैलीची उरत नाही, अब्रूची होते.

कचेरीच्या मराठीची तऱ्हा आणखी निराळी. ‘कारवाई’ आणि ‘कार्यवाही’ हे दोन शब्द एकमेकांचे चुलतभाऊ दिसतात, पण त्यांचा धंदा वेगळा. काम पुढे नेणे, ठरावाची तामिली करणे ती कार्यवाही. दोषी माणसावर उगारलेला बडगा ती कारवाई. “सदर प्रकरणी योग्य ती कार्यवाही करण्यात येईल” असे उत्तर तक्रारदारास मिळते, तेव्हा दोषी कारकुनास शिक्षा होणार असे समजून तो बिचारा घरी जातो; आणि कचेरीच्या मनात एवढेच असते की कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईल. यातील ‘करण्यात येईल’ हा प्रयोग तर विशेष न्याहाळण्यासारखा आहे. कोण करील? केव्हा करील? वाक्यातून कर्ता काढून घेतला की जबाबदारीही अलगद निघून जाते. “पूल दुरुस्त करण्यात आला नाही” आणि “अमुक खात्याने पूल दुरुस्त केला नाही” या दोन वाक्यांत व्याकरणाचा फरक थोडा, पण पूल कोसळल्यावर त्या फरकाचे मोल कळते.

शब्द पुसला म्हणजे वस्तू पुसली, असे मानण्याची मजल कोठवर जाते याचे एक उदाहरण आमच्याच राज्याच्या कायद्यांत आहे. १९६३ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एक कायदा केला. राज्यास लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द, म्हणजे आपला दुष्काळ, वगळावा व त्या जागी टंचाई या अर्थाचा शब्द घालावा, एवढाच त्याचा हेतू. कारण असे दिले की, शेतीच्या स्थितीवर शासनाची सतत नजर असते, टंचाईची चिन्हे दिसताच साहाय्य दिले जाते, तेव्हा दुष्काळ उद्भवण्यास आता वावच उरलेला नाही. पुढे दहा वर्षेही लोटली नाहीत तोच पावसाने ओळीने दगा दिला. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर खडी फोडीत व माती वाहत होती, सुकडी आणि परदेशची लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढीत होती. कायद्याच्या पुस्तकात त्या साली दुष्काळ नव्हता, टंचाई होती. परंतु लोकांनी कायद्याचे पुस्तक वाचलेले नव्हते. त्यांनी त्या सालाला ‘बहात्तरचा दुष्काळ’ असे नाव दिले, आणि आज पन्नास वर्षांनंतरही म्हातारी माणसे आपली वये त्याच नावावरून सांगतात.

येथे कोणी असे म्हणेल की, त्या वेळी अन्नान्न करून माणसे हजारोंनी मेली नाहीत, सरकारी कामांनी त्यांना तगवले, म्हणून टंचाई हाच शब्द नेमका. हा मुद्दा आम्ही हसण्यावारी नेत नाही. उलट अशा मुद्द्यांवर वाद व्हावा हेच आमचे मागणे आहे. पाऊस न पडणे हे अवर्षण, पाणी वा धान्य अपुरे पडणे ही टंचाई, पोटात अन्न न जाणे ही उपासमार, आणि त्याने मरण येणे हा भूकबळी; ‘दुष्काळ’ या शब्दात हे सारे मिळून आलेला वाईट काळ सामावतो. १९७२ चे साल यांपैकी कोणत्या नावास पात्र, हे पुरावा पाहून ठरवावे. परंतु दुष्काळ येण्यापूर्वीच दुष्काळ हा शब्द कायद्यातून बाद करणे म्हणजे ताप मोजण्यापूर्वी पारा फोडून टाकणे होय. ही खोड पुढेही गेली नाही. गावोगाव पाण्यासाठी रांगा लागल्या असता सरकारी कागदांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ नांदत होती. अखेर २०१६ साली प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा ‘दुष्काळसदृश’ असे जेथे म्हटले आहे तेथे ‘दुष्काळ’ असे वाचावे, हे शासनास मान्य करावे लागले. ‘सदृश’ या तीन अक्षरांसाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि आम्ही म्हणतो शब्दांत काय आहे!

आता आमच्यावर होणाऱ्या आक्षेपांचा परामर्श घेऊ. पहिला आक्षेप असा की, “भावना पोहोचली ना, मग झाले, शब्दांचा काथ्याकूट कशाला?” भावना पोहोचली हे कोणी ठरवले? लिहिणाऱ्याला ती ठाऊकच असते, म्हणून आपल्या सैल वाक्यातही ती त्याला दिसते. वाचणाऱ्याजवळ केवळ शब्द असतात.

दुसरा आक्षेप रूढीचा. शब्दांचे अर्थ बदलत असतात. शास्त्राहून रूढी बलवान. हे आम्हास मान्य आहे. ‘अपरोक्ष’ या शब्दाचा मूळ अर्थ दृष्टीआड नसलेले, प्रत्यक्ष असा. मराठीत तो नेमका उलटा होऊन ‘पाठीमागे, गैरहजेरीत’ असा रूढ झाला. ‘चेष्टा’ म्हणजे संस्कृतात हालचाल किंवा प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. अशा बदलांवर अश्रू ढाळण्याइतके आम्ही सोवळे नाही. शब्द एका घरून दुसऱ्या घरी गेला, नांदला, ठीक आहे. आमची तक्रार घर बदलण्याविषयी नसून घर मोडण्याविषयी आहे. ‘कारवाई’ व ‘कार्यवाही’ एक झाले, ‘संशयित’ व ‘गुन्हेगार’ एक झाले, तर भाषेतून एक भेद कायमचा गेला. आणि जो भेद शब्दात उरत नाही तो हळूहळू विचारातूनही जातो.

तिसरा आक्षेप रसिकांचा. नेमकेपणाने भाषा रुक्ष होते, पाल्हाळ व अलंकार हेच वाङ्मयाचे वैभव, असे त्यांचे म्हणणे. त्यांस उत्तर म्हणून आम्ही एक घडलेली गोष्ट सांगतो. आमचे एक वृद्ध स्नेही वारले, तेव्हा त्यांच्या घरी सांत्वनाची पुष्कळ पत्रे आली. ‘कधीही भरून न निघणारी पोकळी’, ‘हरपलेला आधारवड’, ‘शब्द अपुरे पडतात’. लिहिणारे सर्व पदवीधर, आणि पत्रांतील नाव बदलले असते तर तीच पत्रे दुसऱ्या कोणत्याही घरी खपली असती. त्यांत एक पत्र गल्लीतील दुकानदाराचे होते, चौथी इयत्ता शिकलेल्या. त्याने लिहिले होते, “दर पाडव्याला ते माझी हिशेबाची वही तपासून देत. या पाडव्याला वही उघडली आणि तशीच मिटून ठेवली.” त्या घरातील बाईंनी सारी पत्रे बांधून माळ्यावर टाकली, हे एक देव्हाऱ्याजवळ ठेवले. यात अलंकार कोठे आहे? वही आहे, पाडवा आहे, आणि गेलेला माणूस आहे. रुक्ष ती बाकीची पत्रे होती.

तेव्हा प्रौढांनी करावे काय? पुन्हा शाळेत जाऊन बसावे असे आम्ही सुचवीत नाही. लिहून झाल्यावर मजकूर एकदा मोठ्याने वाचावा आणि ‘मोठ्या प्रमाणात’, ‘विविध’, ‘योग्य ते’, ‘इत्यादी बाबी’, ‘या ठिकाणी’ यांपैकी जे जे भेटेल त्यास हटकावे: किती प्रमाणात? कोणते विविध? कोणाच्या दृष्टीने योग्य? उत्तर ठाऊक असेल तर ते लिहावे. ठाऊक नसेल तर वाक्य खोडावे, कारण आपल्याला जे माहीत नाही ते झाकण्यासाठीच तो शब्द आला होता. प्रत्येक वाक्यास कर्ता विचारावा. ‘संपन्न झाला’ यासारखा भारदस्त शब्द आला की जागच्या जागी साधा शब्द घालून पाहावा. अर्थाचे काही सांडले नाही तर साधाच ठेवावा. दोन शब्द एकाच अर्थाचे वाटले तर प्रत्येकाचे असे एक वाक्य करून पाहावे की ज्यात दुसरा बसणार नाही. ‘ओशाळला’ आणि ‘लाजला’ घ्या: खोटे उघडकीस आलेला मनुष्य ओशाळतो, लाजत नाही, आणि नवी नवरी लाजते, ओशाळत नाही. असा अभ्यास दिवसाकाठी एका जोडीचा केला तरी वर्षात माणसाची लेखणी निराळी होईल.

आणि कोश घरात असावा. मोल्सवर्थने १८३१ साली, इंग्रज असून, मराठीचा कोश केला व १८५७ साली तो वाढवून पुन्हा काढला. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग सिद्ध केले. आता हे कोश घरबसल्या, बोटाच्या टोकावर पाहावयास मिळतात. असे असता दहा वेळा दूरचित्रवाणीची वाहिनी बदलणाऱ्या हातास एकदा शब्द बदलण्याचा कंटाळा यावा, यास काय म्हणावे? कोशात न मिळणारे शब्द सुतार, गवंडी, शिंपी, माळी यांस विचारावेत. त्यांजवळ प्रत्येक जिनसेला नाव आहे. आम्हाजवळ सगळ्यांना मिळून ‘ते हे’ आहे.

भाषा टिकवण्याचे कार्य सभा-संमेलनांतून होते, पाट्यांवरून होते, दर्जाने व अनुदानानेही होत असेल. त्यास आमचा विरोध नाही. परंतु ज्या भाषेत दुष्काळास दुष्काळ म्हणता येत नाही, निरपराध्यास गुन्हेगार म्हणून जातात, आणि मेलेल्या मित्राविषयी त्याचे असे एक वाक्य लिहिता येत नाही, ती भाषा अभिजात असली तरी तिचा उपयोग काय? मुलांस बोल लावण्यापूर्वी आपण आज लिहिलेले शेवटचे पत्र काढून वाचावे. त्यातील एक सैल शब्द बदलून नेमका घातला, तर त्या दिवसापुरते मराठीचे ऋण फिटले असे आम्ही समजू.